कोरोना फुप्फुसाचा, तसा पोटाचाही

एप्रिल २०२१ मधली गोष्ट आहे. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. खाट मिळावी, ऑक्सिजन मिळावा म्हणून लोक रात्री-अपरात्री वणवण फिरत होते. अशा दिवसांत जवळच्या गावातील पासष्टीच्या पुढच्या एक आजी सुनेबरोबर माझ्या दवाखान्यात आल्या.

“डॉक्टरसाहेब, दोन दिवस झाले, आत्याबाईंना जुलाब लागलेत. रातची भाजी सकाळी खाल्ली, तवापासून पोट बिघडलंय,” सून म्हणाली.

ताप नव्हता, खोकला नव्हता, धाप नव्हती. उन्हाळ्यात शिळे खाऊन जुलाब होणे आपल्या भागात नवे नाही. मी पोट तपासले, औषध दिले, जलसंजीवनीची पाकिटे दिली आणि “काळजीचे कारण नाही” असे सांगून त्यांना घरी पाठवले. बोटाला लावून ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र माझ्या टेबलावरच होते. ते आजींच्या बोटाला लावावे असे मला सुचले नाही.

चौथ्या दिवशी आजींना धाप लागली आणि तपासणीत कोरोना निघाला. तोपर्यंत घरातले सगळे त्यांच्याजवळ उठत-बसत होते. आजोबा तर रात्रंदिवस उशाशी होते. पोटाचे दुखणे आहे, त्यात अंतर कशाला ठेवायचे, असे त्यांना वाटले, आणि ते माझ्याच सांगण्यावरून वाटले. आजी बारा दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. आजोबांनाही दाखल करावे लागले होते. ते परत आले नाहीत. त्यांना लागण नेमकी कोठून झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. पण पहिल्याच दिवशी मी शंका घेतली असती तर आजींची खोली तरी वेगळी झाली असती. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

“आता कुठला कोरोना?” असे काही वाचक म्हणतील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले हे खरे. परंतु विषाणू संपल्याचे जाहीर केलेले नाही. २०२५ च्या मे-जून महिन्यांत महाराष्ट्रासह देशात रुग्ण पुन्हा वाढले होते. लसीकरणामुळे आणि होऊन गेलेल्या लागणीमुळे आज बहुतेकांना आजार सौम्य होतो. पण वृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना तो आजही जड जाऊ शकतो.

विषाणू पोटात शिरतो कसा?

विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. त्याला आपल्या पेशीत शिरावे लागते, आणि पेशीत शिरण्यासाठी दार लागते. कोरोना विषाणूच्या अंगावर जे काटे असतात ते किल्लीसारखे काम करतात. आपल्या पेशींवरील ‘एसीई-२’ नावाचे प्रथिन हे त्या किल्लीचे कुलूप. हे कुलूप नाकात, घशात आणि फुप्फुसात असते हे आता अनेकांना ठाऊक आहे. परंतु शरीरात ते जेथे फार मोठ्या प्रमाणावर आढळते अशा जागांपैकी एक म्हणजे आपले लहान आतडे. निसर्गाने ते तेथे विषाणूसाठी ठेवलेले नाही. प्रथिने पचून जी अमिनो आम्ले तयार होतात ती शोषून घेण्याच्या कामात त्याचा उपयोग होतो. विषाणू मात्र त्याच दाराने आत शिरतो.

आतड्याच्या आतल्या अस्तराचे काम थोडे समजून घेऊ. आपण दिवसभरात साधारण दोन लिटर पातळ पदार्थ पितो. त्याशिवाय लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा रस मिळून सहा-सात लिटर पाणी शरीर स्वतःच पचनमार्गात सोडते. म्हणजे रोज सुमारे आठ-नऊ लिटर पाणी आतड्यातून वाहते. त्यातले जवळजवळ सगळे परत शोषले जाते आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडते. आता हे अस्तर सुजले आणि शोषणाचे काम थोडे जरी मंदावले, तरी किती पाणी बाहेर जाईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. जुलाबात माणूस एका दिवसात गळून का जातो, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

समाधानाची गोष्ट ही की आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होत असते. त्यामुळे कोरोनाचे जुलाब बहुतेक रुग्णांत काही दिवसांत आपोआप थांबतात. तेवढे दिवस शरीरातील पाणी आणि मीठ टिकवून धरणे, हाच खरा उपचार.

पुरावा काय?

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कोरोनाचा त्या देशातील पहिला रुग्ण सापडला. त्याला खोकला आणि ताप होता; पण दाखल होण्याआधी दोन दिवस मळमळ आणि उलट्याही होत होत्या. रुग्णालयात त्याला पातळ शौचास झाले, आणि त्या शौचाच्या तपासणीतही विषाणूचा अंश मिळाला. म्हणजे पोटाची खूण पहिल्या दिवसापासून समोर होती.

त्याच वर्षी हाँगकाँगच्या संशोधकांनी ६० अभ्यासांतील सुमारे सव्वाचार हजार रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात शंभरातील साधारण सतरा-अठरा रुग्णांना पोटाची काही ना काही तक्रार होती. ज्यांच्या शौचाची तपासणी झाली त्यांतील जवळजवळ निम्म्यांमध्ये विषाणूचा अंश आढळला, आणि त्यांतील अनेकांत तो घशाची तपासणी निर्दोष झाल्यावरही सापडत होता. पुढे याच गुणाचा उपयोग करून पुण्यासह अनेक शहरांत सांडपाणी तपासून साथीचा अंदाज घेण्यात आला.

मग कोरोना शौचावाटेही पसरतो काय? येथे घाई करून चालणार नाही. विषाणूचा अंश सापडणे वेगळे आणि लागण करू शकेल असा जिवंत विषाणू सापडणे वेगळे. जिवंत विषाणू शौचात क्वचितच मिळाला आहे. कोरोना प्रामुख्याने श्वासावाटे आणि हवेतूनच पसरतो. तरीही एक जुने उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोरोनाचाच भाऊबंद असलेल्या ‘सार्स’ या आजाराची साथ २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये आली होती. तेथील ‘अमॉय गार्डन्स’ नावाच्या वसाहतीत जुलाब होत असलेला एक रुग्ण येऊन राहिला आणि थोड्या दिवसांत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशीत असे दिसले की, न्हाणीघरांच्या मोऱ्यांतील पाण्याचे अडसर कोरडे पडले होते आणि सांडपाण्याच्या नळांतून दूषित तुषार घरांत येत होते. यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र रुग्णाचा संडास आणि मोरी स्वच्छ ठेवणे याला अर्थ आहे, एवढे यातून निश्चित कळते.

लक्षणे कोणती?

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे भूक मरणे. पुढ्यात ताट आले तरी जेवावेसे वाटत नाही. त्यातच वास आणि चव गेली की अन्न मातीसारखे लागते. वृद्ध माणूस ‘इच्छा नाही’ म्हणून ताट बाजूला सारतो आणि घरच्यांनाही त्यात विशेष वाटत नाही. याखेरीज मळमळ, उलट्या, पातळ शौच आणि पोटात दुखणे ही लक्षणे दिसतात. जुलाब बहुधा पाण्यासारखे किंवा सैल असतात, दिवसातून तीन-चार वेळा होतात आणि त्यात सहसा रक्त नसते. काही रुग्णांत ताप-खोकल्याच्या एक-दोन दिवस आधी पोट बिघडते. थोड्या रुग्णांत केवळ पोटाचीच तक्रार असते आणि फसगत होते ती येथेच.

शिळ्या अन्नाने झालेली बाधा बहुधा खाल्ल्यापासून काही तासांत सुरू होते आणि तेच अन्न खाणाऱ्या इतरांनाही होते. कोरोनात जुलाबांबरोबर अंगदुखी, कमालीचा थकवा, घसा खवखवणे किंवा वास जाणे यांपैकी काहीतरी असते किंवा मागाहून येते. असे असले तरी केवळ लक्षणांवरून खात्री देता येत नाही. आजूबाजूला कोरोनाचे रुग्ण असतील तर तपासणी करून घेणे हाच मार्ग. याउलट प्रत्येक जुलाब कोरोनाचा मानणेही चूक आहे. आपल्या भागात टँकरचे आणि साठवलेले पाणी पिण्यात येते. विषमज्वर, कावीळ, आमांश आणि पटकी यांचा विचार डॉक्टरांना करावाच लागतो.

सगळाच दोष विषाणूचा नाही

दुसऱ्या लाटेत मी जे पोटाचे रुग्ण पाहिले, त्यांतील कित्येकांचे पोट विषाणूपेक्षा उपचारांनीच अधिक बिघडलेले होते. त्या काळात ‘कोरोनाचा कोर्स’ म्हणून गोळ्यांची एक चिठ्ठी गावोगाव फिरत होती. त्यात प्रतिजैविके असत. प्रतिजैविके जीवाणूंना मारतात. विषाणूवर त्यांचा काही परिणाम होत नाही. उलट आपल्या मोठ्या आतड्यात राहणारे उपयुक्त जीवाणू त्यांनी मरतात आणि जुलाब वाढतात. स्टेरॉइडने गंभीर रुग्णांचे प्राण वाचले, हे निर्विवाद आहे. तेच औषध सौम्य आजारात मनानेच घेणाऱ्यांना मात्र जठराचा दाह झाला आणि त्यांच्या रक्तातील साखर वाढली.

काढ्याचीही तीच कथा. सुंठ, मिरे, दालचिनी आणि तुळस घालून अर्धा कप काढा घेतला तर घशाला बरे वाटते. पण लोक दिवसातून चार-चार वेळा, तोही उपाशीपोटी, कडक काढा पीत होते. मग छातीत जळजळ होऊ लागली आणि त्या जळजळीलाच फुप्फुसाचा त्रास समजून ते घाबरून येत.

कोरोनात यकृताला थोडी सूज येऊन रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसतात. बहुतेकांत ते आपोआप खाली येतात. त्यासाठी निराळी टॉनिके घेण्याची गरज नसते. दारू मात्र पूर्ण बंद ठेवावी.

जलसंजीवनी : स्वस्त पण अमोल

सन १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारपेक्षाही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यामागील शास्त्र सोपे आहे. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि साखर जोडीने आत शिरतात आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट बरीचशी उघडी असते. म्हणून नुसत्या पाण्याने जे साधत नाही ते या मिश्रणाने साधते.

घरी करावयाची कृती : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको. तयार पाकीट आणल्यास ते किती पाण्यासाठी आहे हे वाचून घ्यावे. काही पाकिटे एक लिटरची, तर काही एका पेल्याची असतात. तयार केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने साधारण पेलाभर प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. दुकानात मिळणारी गोड फळपेये किंवा शीतपेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यांतील जादा साखरेने जुलाब वाढू शकतात. मधुमेहींनी साखरेच्या भीतीने जलसंजीवनी टाळू नये. मात्र रक्तातील साखर तपासत राहावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे. लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी जुलाब होत असल्याचे डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. पाणी कमी झालेल्या शरीरात त्याच गोळ्यांनी रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.

खावे काय?

‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपास घडवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सोडून द्यावी. आतड्याचे अस्तर नव्याने तयार व्हायचे तर त्याला अन्न हवे. भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, हुलग्याचे पातळ माडगे, केळे आणि उकडलेला बटाटा हे आपल्या घरात असणारे पदार्थ पुरेसे आहेत. चव नसली तरी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. दोन-तीन दिवसांत वरण, अंडे, मटकी असे प्रथिनयुक्त पदार्थ वाढवावेत. दुधाने पोट फुगत असेल तर आठवडाभर दूध कमी करून ताज्या ताकावर भागवावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध कोणत्याही परिस्थितीत तोडू नये. लहान मुलांना जुलाबात जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्याही देतात. त्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मागाव्यात.

जुलाब ताबडतोब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मुलांना तर मुळीच देऊ नयेत.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे?

१) आठ तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले किंवा उभे राहताच चक्कर येऊ लागली.

२) वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा सारखा झोपून राहू लागला.

३) शौचात रक्त आले किंवा शौच डांबरासारखे काळे झाले.

४) पोटात असह्य, न थांबणारे दुखू लागले. कोरोनात क्वचित आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होते. अशा वेळी तासांचाही उशीर परवडत नाही.

५) बोटावरील यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, मग धाप जाणवत असो वा नसो.

६) कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांत मुलाला सतत ताप, पोटदुखी, उलट्या, लाल डोळे किंवा अंगावर पुरळ ही लक्षणे दिसली. मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा हा आजार आता दुर्मीळ झाला आहे. पण अपेंडिक्स समजून फसगत होण्याजोगा आहे.

घरातील काळजी

साबण विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतो. म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. रुग्णासाठी शक्य तर संडास वेगळा ठेवावा. तसे शक्य नसल्यास रुग्णाने शेवटी जावे, भरपूर पाणी टाकावे, झाकण असल्यास ते लावूनच पाणी सोडावे आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने जागा धुऊन काढावी. संडासाची खिडकी उघडी ठेवावी. वापरात नसलेल्या मोरीत रोज तांब्याभर पाणी ओतावे, म्हणजे तिचा अडसर कोरडा पडणार नाही.

“कोरोना झाल्यापासून पोट ठीक नाही”

असे सांगणारे रुग्ण आजही येतात. काहींच्या बाबतीत ते खरे असते. लागण ओसरल्यावरही काही महिने आतडे हळवे राहते; गॅस, मुरडा, कधी जुलाब तर कधी मलावरोध असा त्रास होतो. तो बहुधा हळूहळू कमी होतो.

परंतु सगळे कोरोनाच्या माथी मारणे धोक्याचे आहे. मध्यंतरी एक गृहस्थ आले. तीन वर्षे सकाळचे पातळ शौच, आणि कारण विचारले की “कोरोना.” खोलात गेल्यावर कळले की, कोरोनाच्या वेळीच त्यांना मधुमेह निघाला होता आणि तेव्हापासून ते मेटफॉर्मिनची गोळी उपाशीपोटी घेत होते. या गोळीने काहींना जुलाब होतात. गोळी बंद न करता तिचा प्रकार आणि वेळ बदलली, आणि पंधरवड्यात तक्रार गेली. वजन घटत असेल, रक्त जात असेल, पंडुरोग असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली असेल, तर क्षय किंवा कर्करोग नाही ना, याची तपासणी झालीच पाहिजे.

तीन प्रश्न

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने २०२१ च्या मे महिन्यात गाव कोरोनामुक्त केले. त्यात घरोघरी जाऊन लक्षणे विचारणाऱ्या पथकांचा मोठा वाटा होता. तेच काम आपण आपल्या घरात करू शकतो. घरातील कोणाला, विशेषतः वृद्धांना, जुलाब लागले किंवा जेवण नकोसे झाले, तर तीन प्रश्न विचारा : अंग दुखते का आणि घसा खवखवतो का? वास येतो का? गेल्या आठवड्यात घरात किंवा शेजारी कोणी सर्दी-तापाने आजारी होते का? एकाचेही उत्तर ‘हो’ किंवा, वासाच्या बाबतीत, ‘नाही’ असे आले, तर तपासणी होईपर्यंत त्या माणसाचे अंथरूण वेगळ्या खोलीत घाला, तोंडाला मुखपट्टी बांधा आणि बोटाला यंत्र लावा.

जुलाबाच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या बोटाला मी आता यंत्र लावतो. त्याला अर्धा मिनिट लागतो.